पावडरचा डबा पाठवू नको

बीरगांव, रायपूर
११ मार्च २००१

ती. आईस, तुझ्या अनुश्रीचा रायपूरहून नमस्कार.

दुधाच्या पावडरचा डबा पाठवू नको. पोट्टीनं छान बाळसं धरलं आहे.

आता सांगते, बाळंतपणानंतर पहिले आठ दिवस मले दूधच उतरत नव्हतं. यांचं ऑफिस नवं, सुट्टी नाही. मी एकटी रडून राहिली होती. शेजारच्या सुकवारोदीदी इथल्याच, कारखान्यात जातात. पाच महिन्यांचा पोट्टा आहे त्यांले. त्यांनी रोज कांके पानी, म्हणजे जडीबुटीचा काढा, आणून पाजला. पोट्टीले छातीशी कसं धरायचं तेही दाखवलं. "झन रो, दूध उतरही," म्हणत; म्हणजे रडू नको, दूध उतरेल. उतरलंच!

काल दीदींले कामावरून यायले उशीर झाला. पोट्टा भुकेनं रडून राहिला होता, त्यांच्या सासूले काही सुचेना. मी त्याले पदराखाली घेतलं. पोटभर पिऊन तिथंच झोपला.

बाबांचा पाय कसा आहे? पोट्ट्याची गोष्ट त्यांले सांगायची का नाही, ते तूच ठरव.

तुले धाक होता ना, एकीले तरी पुरेल का? आई, दोघांले पुरलं.

तुझीच,
अनुश्री