भट्टीगाडीची राख आणि कणगीतला शाळू

११ मार्च
पवनचक्कीच्या कॅम्पवाल्यांना लाज म्हणून न्हाई. तिसऱ्यांदा कचऱ्याच्या काळ्या पिशव्या माळावर, माझ्या मेंढरांच्या वाटेत. काळ्या तोंडाची मेंढी मेली. पोट फाडलं तर आत चहाच्या कपांचा गोळा. तो गोळा घमेल्यात घालून कॅम्पच्या सायबापुढं ठेवला. म्हणाला, कचरा जाळायची गाडी येतीय. मी म्हटलं, येऊ दे की, मेंढी येतीय का परत?

१५ मार्च
गाडी आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढी. पोटात भट्टी, वर लोखंडी धुराडं, डिझेलवर चालती. इथला कचरा जाळायचा, मग ओढून पलीकडच्या डोंगरावरच्या कॅम्पला न्यायची. चालवणारा संपत, मेढ्याकडचा, पन्नाशीचा गडी. पावसाच्या मुलखातला. आमचा माळ बघून म्हणाला, आज्जी, इथं माणसं राहत्यात व्हय? मी म्हटलं, न्हाई, भुतं राहत्यात, ताक पितोस का? दोन तांबे प्याला.

१९ मार्च
वाट साफ हाय. खरं ते लिहावं. गाडीचं काम चांगलं. आज मेंढरं माळावर सोडून मी सावलीला बसले, लय दिवसांनी.

२२ मार्च
शाळूची ज्वारी मळून घरात आली. सहा पोती. वरीसभराची भाकरी. धान्याच्या कणगीत भरताना राख लागती, किडा लागू नये म्हणून. पण दोन वर्षं झाली घरात गॅस. चूल पेटत न्हाई तर राख कुठली? गल्लीत मागितली तर बाया हसल्या.
रेश्मा, माझी नातसून, सहावा महिना. म्हणाली दुकानातनं धान्यात ठेवायच्या गोळ्या आणू. मी म्हटलं, विष हाय ते, पोटुशी बाई असल्या घरात नको.
संपतच्या गाडीमागं राखेची पोती. पांढरी, पिठागत बारीक. ताक घेऊन गेले. तो द्यायला तयार न्हवता.
"आज्जी, ही कचऱ्याची राख हाय."
मी म्हटलं, जळलं की संपलं, राख ती राख. दोन पाट्या घेऊन आले. तो बघत राहिला. ताक मातूर संपवलं.

२३ मार्च
कणगी भरली. राख, कडुलिंबाचा पाला, शाळू, परत राख. चाळताना काचेचे बारीक मणी निघाले, उकिरड्यावर टाकले. तोंड शेणानं लिंपलं. उरलेली राख रोजच्या खायला बाहेर ठेवलेल्या शाळूच्या पोत्यात मिसळली. रेश्मा पाखडून दळून आणती.
कंबर धरलीय.

३० मार्च
गाडी बंद पडली. संपत भट्टीचं दार उघडून आतनं खरडून काढत होता. बाहेर पडलेलं बघितलं. फुटलेले जाडे सेल. रंगाचा डबा. दवाखान्यातल्या सुया. हे काय रं, म्हटलं. म्हणाला, हे वेगळं ठेवायचं ठरलेलं, कॅम्पवाले सगळं एकाच पिशवीत कोंबत्यात, मी किती निवडू? मग त्याला आठवलं.
"राख भांड्यालाच वापरली न्हवं?"
शाळूत घातली म्हटलं. पाना खाली ठेवला त्यानं.
"आज्जी, खातंय कोण घरात?"
मी म्हटलं, मीच. रेश्माचं नाव तोंडातनं निघालं न्हाई.

३१ मार्च
सकाळी रेश्माला सांगितलं. ती भाकरी थापत होती.
"गोळ्या विष म्हणत होतासा न्हवं तुमी?"
ऐकून घेतलं. बरोबर बोलली. ती भाकरी शेळीला बी घातली न्हाई, पुरली.
दवाखान्यात नेलं. नर्सबाई म्हणाली, आठवड्यात काय झालं असंल असं नाही, पण राख तपासल्याबिगर तो शाळू खाऊ नका. धुऊन चालंल का विचारलं. तिला बी ठाऊक न्हाई. तसं म्हणाली तरी, ते एक बरं.
गहू आणला. चपातीनं माझं पोट भरत न्हाई.
चूक माझी. एकटीची न्हाई.

२ एप्रिल
कॅम्पवर गेले. सायब म्हणतो राख देणं नियमात बसत न्हाई, संपतला काढतो. मी विचारलं, सेल भट्टीत घालणं बसतंय का? फोन लावला त्यानं सांगलीच्या हापिसात, मोठ्या सायबाला. लांब जाऊन बोलला. परत येऊन म्हणाला, राख तपासायला पाठवतो. आणि शाळू? म्हणाला, धान्य आमच्याकडं येत न्हाई. संपत बाजूला उभा, मान खाली.

५ एप्रिल
संपत घरी आला. ताक नको म्हणाला, तवाच समजलं काय तरी हाय. खिशातनं कागद काढला, टाइप केलेला. त्यात लिहिलेलं, मी न विचारता राख नेली, कॅम्पची जबाबदारी न्हाई. खाली माझ्या सहीला जागा.
"आज्जी, एवढं केलंसा तर माझी नोकरी राहती. पोरीचं लगीन ठरलंय."
रेश्मा आत. ऐकत होती, भांडी वाजायची थांबली.
त्याला म्हटलं, उद्या ये.

६ एप्रिल
सही केली न्हाई. वहीचं पान फाडून माझ्या हातानं लिहिलं. राख मी मागितली, त्यो नको म्हणाला तरी नेली. त्याचा दोष न्हाई. भट्टीत सेल, रंग, सुया होत्या, मी बघितल्या. खाली सही. रेश्मानं दोन जागी दुरुस्त केलं आणि साक्षीला सही केली. मी सांगितलं न्हवतं.
संपत वाचून म्हणाला, यानं नोकरी राहील का जाईल सांगता येत न्हाई. मला बी न्हाई येत. पान घेऊन गेला तरी.
राखेचा रिपोर्ट अजून न्हाई. कणगी बंद.
रेश्माला बजावलंय, कॅम्पचा फोन आला तर हेच सांगायचं. संपतनं उत्तर द्यायचं न्हाई, कॅम्पच्या सायबानं न्हाई, तू बी न्हाई. सांगलीतल्या मोठ्या सायबानं इथं यायचं, कणगीपुढं उभं राहायचं आणि त्यानंच बोलायचं, ह्या घरातल्या पोटुशीनं हा शाळू खायचा का न्हाई.