वाढत्या अंगाचे बूट

१२ जानेवारी, रविवार

अकरा जोड! अकराही एकाच मापाचे!

बाळासाहेब भाऊजी सकाळीच फटक-फटक बूट वाजवत आले आणि ओट्यावर खोकी मांडून बसले. पन्नास पावलांवरून कळतं, दीर येताहेत. येत्या सव्वीसला झेंडावंदनानंतर स्टेजवर मुलींच्या फुटबॉल टीमला बूटवाटप आहे. भाऊजींच्या हस्ते. खोकी सारखी, वरचा कागद सारखा, आतले बूट सारखे. माप सहा.

"भाऊजी, आपल्या मुलींची मापं तीन ते पाच आहेत."

"म्हणून तर सहा घेतले, वहिनी. वाढत्या अंगाच्या पोरी. दोन वर्षं बघायला नको."

मी म्हटलं, बूट म्हणजे परकराची दुमड नव्हे, दरवर्षी उसवून खाली सोडायला.

हसले. नेहमी हसतात. मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या सरांची बदली झाली, दुसरे आलेच नाहीत, तेव्हा टीम कोणी घेतली? मी. वय सहासष्ट. अडतीस वर्षं एसटीत, शेवटची अकरा डेपोत कंट्रोलर. कॉन्व्हेंटात हॉकी खेळले, फुटबॉल वाचून आणि बघून शिकले. पिंपळवंडीत बाकीच्यांना तेवढंही येत नाही.

आणि भाऊजी म्हणे, दोन वर्षं बघायला नको!

१४ जानेवारी

तिळगूळ घेतला. गोड बोलले नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मापं घेतली. जुन्या कॅलेंडरांची पानं जमिनीवर टाकली, मुलींना वर उभं केलं — बसून नाही, उभं! — आणि पेन्सिलीने पाय काढून घेतले. तेही खेळ झाल्यावर. खेळल्यावर पाय फुगतो, सकाळचं माप खोटं. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बर्था दर जूनला रांगेत आमचे बूट तपासायच्या. चवडा दाबायच्या आणि म्हणायच्या, पुढे अंगठ्याएवढी जागा, त्याहून जास्त म्हणजे आळस, कमी म्हणजे क्रूरपणा. बाई खाष्ट होती. पण पन्नास वर्षांत माझ्या पायाला एक कुरूप नाही.

श्रेया कॅप्टन, स्टॉपर. समोरचीच्या लाथा खाणं हेच तिचं काम. तिला जाड कातडीचा, टाच घट्ट धरणारा बूट. जड असला तरी चालेल. तिला पळायचं नाही, बाकीच्यांना पळू द्यायचं नाही.

आरोही गोलकीपर. उभ्या जागी डावी-उजवीकडे झेप. तळ घसरला की गोल! आणि पुढून कडक हवा, लांब किक तीच मारते.

मधल्या तिघींच्या पायाशी चेंडू सारखा येणार. त्यांना वरून मऊ, पातळ. चेंडू पायाला कळला पाहिजे, बुटाला नव्हे.

आणि भागू. डिंभ्याच्या वरच्या वाडीची पोर, शाळेसाठी इथे मावशीकडे राहते. विंगवर, मैदानाच्या कडेने खेळते. सुटली की दिसत नाही. जन्म भातखाचरांच्या बांधांवर अनवाणी गेला. पायाची लांबी चार नंबरची, पण रुंदी — पेन्सिल कॅलेंडरच्या एकादशीतून थेट चतुर्थीत गेली! पुस्तकात लिहिलंय, विंगवाल्याला हलका, चिंचोळा बूट. बरोबर. पाय चिंचोळा असेल तर.

नऊ फेब्रुवारीला तिची पुण्यात ट्रायल आहे. राहण्याची क्रीडाशाळा, तालुक्यातालुक्यातून पोरी येणार, घेणार फक्त तीन. अनवाणी खेळू देत नाहीत. गेल्या वर्षी कुणाचेतरी चिंचोळे बूट घालून गेली, दहा मिनिटांत फोड फुटले, लंगडत बाहेर. यंदाचं शेवटचं वर्ष. मावशीचं घर भरलंय, मार्चनंतर तिथे जागा नाही. निवड झाली तर शाळा. नाहीतर परत वर, खाचरात.

तिला विचारलं, गेल्या वेळी बोलली का नाहीस, बूट चावताहेत म्हणून?

"दुसऱ्याचे व्हते ना, बाई. नावं कशी ठेवायची?"

१९ जानेवारी, रविवार

भाऊजींकडे गेले. अकरा पायांची अकरा पानं त्यांच्यापुढे ठेवली. बूट बदलून आणा, म्हटलं.

"वहिनी, आपल्यात पंगतीला दुजाभाव नाय. एकीला जाड, एकीला पातळ, एकीला लालभडक — खाली बसलेल्या आया काय म्हणत्याल? पाटलाच्या पोरीला भारी दिला आन् आमच्या पोरीला हलका!"

"पंगतीत पान सारखं मांडतात, भाऊजी. भात ज्याच्या त्याच्या भुकेएवढा वाढतात. विचारून."

"स्टेजवर इचारायची पद्धत नसती."

आतून सारजाबाई, माझी जाऊ, चहा घेऊन आली. "अवो ताई, पोरी घालत्याल पुढं कापूस कोंबून. तुमी कशाला जीव आटवताय?"

बूट उलटे करून पाहिले. तळाला नुसत्या डाळीएवढ्या रबरी टिकल्या! दुकानदार म्हणाला म्हणे, हे कुठंही चालतात. कुठंही चालतं ते कुठेच धड चालत नाही, हे मी एसटीत शिकले. आमच्या मुरमाच्या मैदानावर ठीक, मानलं. गवतावर? घसरगुंडी!

बदलणार नाहीत म्हणे. बरं. मीही बदलणार नाही.

२६ जानेवारी, रविवार

केलं. जे करायचं ते केलं.

झेंडावंदन झालं, भाषणं झाली, एकेक मुलगी वर येऊन खोकं घेऊन नमस्कार करून उतरली. फोटो. टाळ्या. मग माइक सूत्रसंचालकाच्या हातातून घेतला. नारायणगाव स्टँडावर अकरा वर्षं माझ्या आवाजावर गाड्या लागल्या-सुटल्या आहेत, मला माइक कसा धरायचा ते कोणी शिकवू नये.

म्हटलं, "मुलींनो, बूट घाला आणि स्टेजवरून चालून दाखवा. गावाला बघू द्या."

घातले बिचाऱ्यांनी. फटक, फटक, फटक. आरोहीचा एक बूट मागेच राहिला, ती पुढे गेली. गाव हसलं. लहान पोरं ओरडली, "बाळूतात्या! बाळूतात्या!" — कारण भाऊजी असेच चालतात. मला ते तोवर सुचलंही नव्हतं. भाऊजींचा चेहरा उतरला. मी माइक खाली ठेवला.

बूट खोक्यांत गेले, खोकी त्यांच्या जीपच्या डिकीत.

मला वाईट वाटलं नाही.

२७ जानेवारी

सारजाबाई म्हणाली, "काल जेवले न्हाईत."

मी म्हटलं, एक दिवसाने काही होत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

अकरा पानं पिशवीत, श्रेया आणि भागू बरोबर, पुण्याची गाडी. दुकानात अडीच तास!

विकणारा दात काढत पुढे. "आजी, लेडीजमध्ये पिंक आहे."

"रंग नंतर. आधी वाकवून दाखव."

त्याने मधोमध वाकवला. मी म्हटलं, पाय मधोमध वाकतो का तुझा? चवड्यापाशी वाकला पाहिजे आणि मधे कडक राहिला पाहिजे. मधे वाकणारा तसाच ठेव, दुसरा काढ. चौथ्या जोडाला त्याने आजी म्हणणं सोडलं आणि मॅडम धरलं. सातव्याला स्टूल आणून दिलं.

श्रेयाचा मिळाला — काळा, दणकट, म्हशीसारखा. आरोहीचा मिळाला. मधल्या तिघींचे. बाकीच्या पोरींचेही पानावर पान ठेवून जुळवले. भागूसाठी सगळं दुकान खाली काढलं. हलके ते सगळे चिंचोळे, रुंद ते सगळे दगडासारखे. शेवटी माळ्यावरून एक जोड निघाला. मऊ कातडं, चवड्याला ऐसपैस, पाच नंबर, खाली खुंट्यांसारखे टणक स्टड. भागूने घातला, उभी राहिली, बोटं हलवली. अंगठ्याने दाबून पाहिलं — पुढे बरोब्बर एक अंगठा. सिस्टर बर्था, बघा!

ट्रायलच्या पत्रकात मैदानाचा फोटो आहे, हिरवंगार. गवतावर स्टड रुतले पाहिजेत, तरच वळताना पाय धरतो.

श्रेया म्हणाली, "बाई, फोन करून विचारू का, मैदान कसलंय?"

"गवत कसलं असतं, श्रेया? हिरवं!"

५ फेब्रुवारी

नवे बूट थेट ट्रायलला घालायचे नसतात. रोज अर्धा तास, ओल्या मोज्यांवर, कातडं पायाला बसेपर्यंत. आज भागू सोडली विंगवरून. श्रेया शिव्या देत मागे, हात लागला नाही.

"बाई, पायात कायच नाय आसं वाटतंय."

याहून मोठं सर्टिफिकेट नको मला.

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या सातला पुण्यात हजर व्हायचं, आणि पहिली गाडी त्या वेळेत पोहोचत नाही. मला वेळापत्रक कोणी सांगू नये, पाठ आहे.

सारजाबाईने परस्पर ठरवलं — भाऊजी जीप काढतील. मी विचारलं नव्हतं. हे लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी, रविवार

जीपमध्ये फक्त भागूने एकदा विचारलं, उलटी आली तर काय करायचं.

गेटवर वॉचमनने पायांकडे बोट दाखवलं. "हे आत चालणार नाहीत. टर्फ फाटतं."

मी वाकून हात लावला. प्लास्टिक! सतरंजी! हिरवीगार सतरंजी. बाजूला पाटी, हाताएवढ्या अक्षरांत: स्टडचे बूट घालून प्रवेश नाही.

भांडले. वॉचमनशी, मग आतल्या सरांशी. ते नम्र होते, त्याचा जास्त राग आला. "मॅडम, पत्रकावर फोन नंबर होता." होता. अडतीस वर्षं मी लोकांना म्हणत आले, विचारायला तोंड नव्हतं का? नियम वाचायला डोळे नव्हते का? आज ते सगळं मला परत मिळालं. श्रेया सोबत आली नव्हती, तेवढंच नशीब.

भागूने नाड्या सोडल्या होत्या. दुसऱ्याचे नव्हते तरी नावं ठेवली नाहीत.

मागे फटक-फटक. भाऊजी. हातात एक खोकं.

"परत केले नव्हते?"

"न्हाई. म्हटलं, लागतील कवातरी." माझ्याकडे बघितलं नाही. सरांना तळ दाखवला — त्या डाळीएवढ्या टिकल्या! सर म्हणाले, हां, हे चालतील.

माप सहा. मी म्हटलं, पुढे कापूस कोंबू. भाऊजींनी पहिल्यांदा मला झिडकारलं. "पुढं नाय, वहिनी! पुढं घातला की बोटं मुडपत्यात. टाचंला घालायचा." बसले खाली धुळीत. भागूला दोन मोजे घालायला लावले, फर्स्ट एडच्या डबीतला कापूस चपटा करून टाचेमागे सारला, नाडी तळाखालून एक वेढा आणि घोट्याला दोन. गाठ बाहेरच्या अंगाला, "म्हंजी पळताना दुसऱ्या पायाला घासत नाय." दोन मिनिटांत. सराईतासारखे.

"जा, बाय. लांब टांगा टाकू नकोस. बारीक पावलं घे, बूट निघत नाय."

पाय रुंद, म्हणून सहा नंबरही बराचसा भरला. पंधरा मिनिटं चाचपडली. मग पावलं बारीक झाली आणि भागू सुटली. ती सुटली की दिसत नाही, हे मी आधीच लिहिलंय.

येताना नारायणगावला चहा घेतला.

१० फेब्रुवारी

मैदानाबद्दल चुकले. लिहिलं. आता मापाबद्दल — मी अजूनही बरोबरच आहे! मोठा बूट तो मोठाच. तो बांधता येतो म्हणून मापाचा होत नाही. ते अकरा जोड कोणी परत स्टेजवर आणले तर मी परत माइक घेईन.

पण भाऊजींना बांधायचं कसं कळलं?

१५ फेब्रुवारी

पत्र नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भागूची निवड झाली! तिघींत पहिलं नाव.

पत्र घेऊन भाऊजींकडे गेले. ओट्यावर बसले होते, बूट काढून ठेवलेले. पत्र वाचलं, डोळे पुसले, हसले. माझी नजर बुटांवर. टाचेत चपटा केलेला कापूस, काळा पडलेला. नाडीला तळाखालून वेढा.

"लहानपणापासून दादाचं उतरलेलंच घालत आलोय, वहिनी. त्याचा पाय मोठा. पायाला सवय झालीय."

तपकिरी बूट, उजव्याच्या चवड्यावर भाजल्याचा डाग. आमच्या यांचे. सहा वर्षांपूर्वी, हे गेल्यावर, मीच नेऊन दिले होते. चांगले आहेत, वापरा, म्हणाले होते. माप विचारलं नव्हतं.

घरी आले. कॅलेंडरचं पान आणि पेन्सिल घेऊन परत गेले.

"उभे राहा, भाऊजी."

बूट नऊचे. पाय सातचा.