अनामत ठेवलेली म्हैस

चाकण, ८ जून १९५६

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी उद्धवचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता बरा असेल. मी मजेत आहे आणि मला काहीही नको, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या छातीत धडधडायला नको.

गणपतीपर्यंत इथे वकिलीचा जम बसला नाही तर साताऱ्याला येऊन तुमच्या हाताखाली बसायचं, हे आपलं ठरलेलं. पण मामा, जम बसतोय! ग्रामपंचायतीने शाळेच्या दोन खोल्या बांधायला काढल्या आणि टेंडरच्या अटी लिहायचं काम मला दिलं. (सरपंच तात्याबा म्हणाले, पुण्याचे वकील परवडत न्हाईत. असो, काम ते काम.) मी सतरा कलमं लिहिली. सातवं : कंत्राटदाराने अनामत रक्कम 'अथवा तितक्या मोलाचा ऐवज' ठेवावा. आठवं : अनामत वकिलांच्या ताब्यात राहील. (हे निव्वळ ऐटीखातर घातलं.) मला वाटलं, कुणी फार तर पाटल्या आणेल. कुरुळीचे धर्माजी गवंडी गाभण म्हैस घेऊन आले. त्यांचा दर सगळ्यांत कमी, हात सगळ्यांत चांगला. नाही म्हणावं तर माझंच कलम मोडतं. तेव्हा रीतसर पावती देऊन मी म्हैस अंगणात बांधली. तेव्हापासून पक्षकार आधी वैरण बाजूला सारतात आणि मग गाऱ्हाणं सांगतात.

महिन्याभरात अनामत व्याली. आता रेडकू कुणाचं? पंचायतीने लेखी अभिप्राय मागितला. मी दोन दिवस खपून चार पानं लिहिली. सभेत पहिलं पान संपतंय तोच धर्माजींच्या मंडळी गवराबाई उठल्या. "वकीलसाहेब, म्हस आमची, रेडकू आमचं. पर शेण तुमी काढताय, तवा दूध तुमचं. झालं न्हाई का?" सगळे म्हणाले, झालं. उरलेली तीन पानं मी घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. खरं सांगतो, मला हे इतकं स्वच्छ सुचलं नसतं.

परवा शाळेवर कौलं चढली. मी ऐटीत काम तपासायला गेलो, तर पोरं आधीच आत बसून पाढे म्हणत होती. मामा, मला रडू आलं. मी कागदावर लिहिलेलं काही असं उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. लोकल बोर्डाचे ओव्हरसियरही पाहून गेले, आणि तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे करार लिहून द्याल का, हे बोलायला बोर्डाने मला वीस तारखेला पुण्याला बोलावलंय. तेव्हा तुमच्या कचेरीतली माझी खुर्ची खुशाल दुसऱ्या कुणाला द्या.

तुमचा भाचा,
उद्धव

ता. क. तुमचा जुना काळा कोट वीस तारखेच्या आत पाठवाच. माझ्या कोटाची उजवी बाही आणि खिसा अनामतीने खाल्ला, आतल्या तीन पानांसकट.

ता. क. दुसरा. काल अनामत पावती घेऊन परत केली. आज सकाळी ती दावं तोडून, रेडकासह, माझ्या दारात उभी! कुरुळीत दूधच देईना म्हणे. गवराबाई आता धार काढायला रोज इथे येणार, निम्मं दूध मला. बोर्डाचं बिनसलं तर खुर्ची राहू द्या, असं लिहिणार होतो. पण नको, देऊनच टाका. मला आता इथून कुणी हलू देणार नाही, निदान म्हैस तरी.