लाल दिवा आणि तीन रेघा

नाना, आज कॉलेजातून सायकल इतकी हाणली की चेन दोनदा पडली. बोटं काळी आहेत, कागदाला डाग लागतायत, लागू देत. हे आधी तुम्हालाच सांगायचंय.

आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी एक पेटी बनवून घेतलीय. लाल दिवा लागला की बटण दाबायचं, किती वेळ लागला तो आकडा काचेत पेटतो. म्हाताऱ्या माणसाचं डोकं किती शाबूत आहे ते आधी कागद-पेन्सिलीवर बघायचं, मग पेटीवर, आणि दोन्ही ताडून बघायचं. मी सरांचा मदतनीस. आज एक आजोबा आले, तुमच्यासारखेच मिलमधले विणकर, आता वॉचमन. सरांनी बरं लिहून दिलं तरच नोकरी राहणार. कागदावर विखुरलेले आकडे ओळीनं जोडायचे होते. पेन्सिल त्यांनी सुईसारखी चिमटीत धरली, सातावरच अडकले. "अंगठेबहाद्दर हाय मी, मास्तर." मग पेटी. लाल दिवा लागला आणि त्यांनी बटणावरचा हात झटकन मागं घेतला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सोबत आलेली सून म्हणाली, "घरीबी असंच. सांगावं एक, करत्यात एक." सर म्हणाले, "लिही, प्रतिसाद नाही."

लिहिलं मी. पण तो मागं जाणारा हात माझ्या ओळखीचा होता. मी सात वर्षांचा आहे, मिलची पाळी सुटल्यावर गल्लीतल्या कारखान्यात तुम्ही मागाखाली वाकलाय, वर लाल चिंधी बांधलीय. मी माग चालू करायच्या दांड्याला हात घालतो आणि तुम्ही फाडकन मारता. "लाल दिसलं की हात मागं. आत कुणाची तरी बोटं असत्यात."

मी विचारलं, "आजोबा, दाबलं का नाहीत?"

"लाल लागल्यावर हात लावत्यात व्हय? आत कुणाची बोटं असली म्हंजे?"

सरांनी लाल बल्ब काढून हिरवा लावला. नाना, आकडा माझ्यापेक्षा कमी आला. सरांनी स्वतः दाबून बघितलं, तेही हरले. "या मास्तर, अजून एक डाव," आजोबा म्हणाले आणि सूनसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. सरांनी माझी ओळ खोडली, खाली 'बरं' लिहून सही केली. मला बसवेना. कागदाला आकडेच हवेत, पेटीला लाल दिवाच हवा. दोघंही चुकतात, आणि एक साधा प्रश्न विचारला की माणूस आपणच सांगतो.

तुम्हाला कुणी विचारलं नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कागदावर घड्याळ काढा. तुम्ही एक गोल काढलात, त्यावर तीन रेघा, बास. ते म्हणाले, विसर पडतोय यांना. मिलनं घरी बसवलं, वर्षाच्या आत तुम्ही गेलात.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? सरांच्या वहीत, त्या खोडलेल्या ओळीपाशी ठेवून देतो. सांगायचं तेवढं एक राहिलं. आपल्या घरात घड्याळ नव्हतंच, त्या तीन रेघा तीन पाळ्यांचे भोंगे होते. मला ते तेव्हाच कळलं होतं, नाना. दवाखान्यातल्या बाकावर तुमच्या शेजारीच बसलो होतो. पाचवीत होतो, मला घड्याळ काढता येत होतं. तुमची लाज वाटली, म्हणून बोललो नाही.