माझ्या मांडवातली बार्नाबेची खुर्ची

मी, तिपोको इल्बूदो, माहेरची तापसोबा, वय अडुसष्ट, धंदा दोलो म्हणजे ज्वारीची बिअर आंबवून विकणे, राहणार वागादुगू, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण वाटणी गुडघ्यांनी करायची नसते.

१. राहते घर, दोलोचे रांजण व चूल मुलगी एडविज हिला. पत्रे पावसाळ्याआधी बदलावेत. जावयाने घराला त्याचा तो आवडता निळा रंग देऊ नये.

२. अंगणातला मांडव. या कलमाला जागा जास्त लागेल, नोटरीसाहेबांनी सांभाळून घ्यावे.

याच मांडवात माझा धाकटा भाऊ बार्नाबे, निवृत्त शाळामास्तर, याने वस्तीचे नागरिक मंडळ काढले. अध्यक्षाला तीन-तीन वर्षांच्या दोनच मुदती, हा नियमही त्यानेच घातला. पुढे देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी सत्तावीस वर्षे खुर्ची उबवून वर राज्यघटनेचे कलम सदतीस बदलायला काढले, म्हणजे आणखी बसता यावे. तेव्हा बार्नाबे माझ्या पालथ्या रांजणावर चढून बोलला होता. रांजण तडकला. मी गप्प बसले, कारण भाषण चांगले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही बायका सागबो, म्हणजे आमची रोजची पिठाची घट्ट उकड, घोटायचे लाकडी चाटू घेऊन रस्त्यावर उतरलो. चाटू पिठासाठी असतो, पुरुषावर उगारायचा नसतो. बायकोने नवऱ्यावर उगारलाच, तर तो माणसांतून उठला. आम्ही तो देशाच्या धन्यावर उगारला. त्याच आठवड्यात ते देश सोडून गेले.

आणि आता बार्नाबेचे पाहा. दोन मुदती केव्हाच संपल्या. तिसरी, देशात गोंधळ आहे म्हणून घेतली. आता चौथी हवी. म्हणे मंडळाच्या नावात मध्यंतरी ‘जागरूक’ हा शब्द घातला, म्हणजे मंडळ नवे झाले, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. येत्या रविवारच्या सभेत तो नियमच काढून टाकणार आहे. मी म्हटले, अरे, तेही हेच म्हणत होते. तर म्हणतो,

“ताई, त्यांना खुर्ची हवी होती. मला मंडळ चालवायचंय. माझ्यानंतर आहे कोण इथं?”

मंडळाचे सगळे काम निस्तरणारी खजिनदार क्लारीस समोरच बसली होती. ती उठून गेली. तिच्यामागे तरुण मंडळीही गेली. आता सभेला माणसांपेक्षा शेळ्या जास्त असतात.

मला राग येतो, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटते. उद्या पुन्हा कोणी कलम सदतीसला हात लावला, तर आम्ही कोणत्या तोंडाने रस्त्यावर उतरायचे? लोक म्हणतील, आधी आपला मांडव झाडा.

सबब, मांडव मंडळाला कायमचा देत आहे. अट एकच. दोन मुदती संपलेला अध्यक्ष त्यात कधीही बसलेला आढळल्यास एडविजने मांडव उतरवून लाकडे दोलोच्या चुलीत घालावीत.

३. बार्नाबेला वडिलांची सायकल आणि तो तडकलेला रांजण. त्याला मी पाठीवर बांधून वाढवले आहे. परका असता तर एवढा जीव जाळला नसता.

४. अंत्यविधी. शेजारी मातियास तोए हा सामो जमातीचा आहे. सामोंना आम्हा मोसींची टिंगल करायचा पूर्वापार हक्क आहे, मयताच्या दारातसुद्धा, आणि आम्ही राग धरायचा नसतो. माझ्या मयतीला त्याने बार्नाबेची टोपी घालून, बुडाला खुर्ची बांधून अंगणभर फिरावे. हे कलम वाचून दाखवले तेव्हा मातियास म्हणाला, “मोसी खुर्चीवरून उठतो तो थेट तिरडीवर. पण तू मरेपर्यंत कशाला थांबायचं म्हातारे? रविवारी काय पाय मोडलेत तुझे?”

सामो बोलला, पण खरे बोलला. हे मृत्युपत्र मी मेल्यावर लागू होईल, आणि मला मरायची घाई नाही. तोवर मंडळच मेलेले असेल.

५. चाटू. एडविजने मागितला आहे, संग्रहालयाच्या बाईही दोनदा येऊन गेल्या. तूर्त कोणालाही देत नाही. रविवारी सभेला नेणार आहे. त्यानंतर धड राहिला तर एडविजने त्याने सागबो घोटावा, काचेच्या पेटीत ठेवू नये.

वरील सर्व मजकूर वाचून, समजून, संतापून सही केली आहे.

तिपोको इल्बूदो

साक्षीदार : मातियास तोए, सायकल दुरुस्ती, सामो (हे त्याने हट्टाने लिहायला लावले)
साक्षीदार : क्लारीस निकिएमा, खजिनदार

वागादुगू, गुरुवार, १४ मार्च २०१९

ता. क. मी सिबदू, बार्नाबेची बायको. नात्यातली म्हणून नोटरीसाहेब मला साक्षीदार धरत नाहीत. नका धरू. रविवारी मी वन्संच्या शेजारी उभी राहणार आहे. चाटू माझ्याकडेही आहे.