मागच्या दाराखालची पुट्टी

प्रिय दादा,

तुला देवाघरी जाऊन आठ महिने झाले आणि मी आज लिहायला बसलोय, कारण बदनापूरच्या डॉक्टरसाहेबांची अँबॅसिडर पुन्हा आपल्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात आली आहे. तीच, सतरा वर्षांपूर्वीची!

साहेब आता नाहीत. त्यांची मुलगी घेऊन आली. "बाबांची गाडी पहिल्यासारखी करून द्या," म्हणाली. नाही म्हणायला मला तोंड कुठं होतं?

चार दिवस एकटाच गाडी उघडतोय. दारं, काचा, बंपर सगळं काढलं. रिमूव्हर लावून रंग खरवडला. निळ्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली काळा. पोचे काढताना आतून लोखंडी ठोकळा धरायला कुणी नाही, दादा. एक हात आत घालतो, दुसऱ्यानं हातोडी मारतो. "धर बराबर," असं तोंडातून जातं आणि माझंच मला ऐकू येतं. जुन्या जालन्यात एवढी गर्दी, पण दिवसभर बोलायला कोण?

तुला आठवतं? तू वहिनीला माहेराहून आणायला आष्टीला निघाला होतास. जाताना बजावलंस, "मागच्या दाराखालचा पत्रा सडलाय. कापून नवा लाव. जल्दी करू नको." मी जल्दीच केली. तू यायच्या आत गाडी चकाचक करून तुला दाखवायची होती ना! गंजावरच पुट्टी भरली, घासली, रंग मारला. तू आलास, दाराखालून बोटं फिरवलीस आणि म्हणालास, "आता तू डेंटर झालास." तेवढं ऐकायलाच तर सगळं केलं होतं.

वर्षभरात रंग फुगला. साहेब भर गल्लीत ओरडत होते. तू म्हणालास, "माझ्या हातचं काम हाय, साहेब. चुकलं." मी रंगाचा डबा हलवत खाली बघत राहिलो. का सावरलंस मला? दोन थोबाडीत मारल्या असत्यास तर बरं झालं असतं! तू फक्त हात धुतलेस आणि म्हणालास, "चल, जेवून घे."

साहेबांनी दुसरीकडून वरवर रंग मारून घेतला. थोरल्याचं काम कच्चं, असं गावभर झालं. तू औरंगाबादला दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला गेलास. दर दिवाळीला यायचास, हसायचास. तो विषय एकदाही काढला नाहीस. सांगायचं मी दरवर्षी ठरवायचो, आणि तुझी बस निघून जायची.

काल त्याच जागी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. पुट्टीचं ढेकूळ खाली पडलं. मुलगी शेजारीच उभी होती. म्हणाली, "बाबा सांगायचे, थोरल्या भावानं फसवलं, धाकट्याचा काही दोष नाही म्हणून."

"न्हाई, ताई," मी म्हणालो. "ही पुट्टी मी भरली. दादा तवा आष्टीला गेल्ता."

"मग तुमचे दादा तसं बोलले का नाहीत?"

मी वाकून ते ढेकूळ उचललं. तिनं दाराखालच्या भोकात बोट घालून बघितलं. "बाबांना हे कळायला हवं होतं," एवढंच म्हणाली आणि गेली. वाटलं, आता गाडी नेणार. आज सकाळी परत आली. "तुम्हीच करा," म्हणाली. "पण या वेळी नीट."

दादा, सडका पत्रा कापून काढलाय. नवा बसवतोय, सावकाश. आणि रविवारी औरंगाबादला जाऊन वहिनीसमोर बसणार आहे. इतकी वर्षं तिनं लोकांनी तुझ्या कामाला नावं ठेवलेली ऐकली. तिला सगळं सांगीन. तिनं दार लावून घेतलं तरी बाहेरून सांगीन, पण सांगितल्याशिवाय माघारी येणार नाही.

तुझा धाकटा,
बाळू