दिवे लावले की पडणारा काटा

प्रिय लेका,

‘प्रिय’ हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेला. त्यावरून माझा राग निवळला असा अर्थ काढू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच तुझं ‘आई, शांत हो’ येतं. कागदाला ते म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शेवटपर्यंत वाच. मधेच बायकोच्या हातात देऊन ‘बघ, आता काय काढलंय’ असं करू नकोस.

गाडीपासून सुरू करते, कारण तूही तिथूनच सुरू केलं होतंस. बाबांची गाडी दुरुस्त झाली. दुरुस्त झाली याचा अर्थ ती बिघडली होती. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. ऑइल प्रेशरचा काटा पडतो असं मी तुला सांगत होते तेव्हा तो खरोखरच पडत होता. मला भास होत नव्हते, माझं वय बोलत नव्हतं, आणि ‘एकटं राहून राहून माणूस असं करतं’ हे जे तू तुझ्या सासूबाईंना माझ्यासमोर सांगितलंस, तेही नव्हतं.

तुला आठवणार नाही, कारण तू ऐकलंच नव्हतंस. काटा पहिल्यांदा पडला तो मावशीकडे जाताना, पुलाच्या अलीकडे. संध्याकाळ सरली होती. बघता बघता काटा लाल पट्टीत जाऊन बसला. बाबांनी मला गाडी शिकवली तेव्हाच बजावलं होतं, की ऑइलचा काटा पडला तर एक पाऊल पुढे जायचं नाही, इंजिन जागच्या जागी जाम होतं. मी गाडी कडेला घेतली, सगळं बंद केलं, बॉनेट उघडून डिपस्टिक ओढून पाहिली. तेल काठोकाठ. थोडं थांबून गाडी सुरू केली तर काटा पुन्हा शहाण्यासारखा वर. मला वाटलं, इंजिनाने दम घेतला. पुढे निघाले, तर पुन्हा खाली. असं बऱ्याच संध्याकाळी झालं. तुझ्या त्या शाळूसोबत्याने मला पुलाजवळ बॉनेट उघडून उभी असलेली पाहिलं आणि तुला फोन केला. मला विचारावं असं त्याला वाटलं नाही. काय झालं म्हणून थांबावं, असंही नाही.

तू आलास. भर दुपारी गाडी काढलीस, गावभर फिरवलीस, काटा तसूभर हलला नाही. तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती नजर मला चांगली ओळखीची आहे. उभा जन्म वॉर्डात काढलाय मी. पेशंटचे नातेवाईक त्याच नजरेने पेशंटकडे पाहतात आणि मग आम्हाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलतात. ‘आई, काटा ठीक आहे. तुला उगाच तसं वाटतं.’ आणि मग ‘सहज तपासणी’ म्हणून मला त्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलंस. मी समोर बसलेली असताना तू त्यांना म्हणालास, ‘हिला हल्ली काटे दिसतात.’ डॉक्टरांनी मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी काढलं. काटे जिथल्या तिथे होते. ते म्हणाले, ‘वयाच्या मानाने छान आहे, तरी लक्ष ठेवा.’ तू त्यातलं ‘छान’ तिथेच टेबलावर सोडलंस आणि ‘लक्ष ठेवा’ तेवढं घरी घेऊन आलास. दुसऱ्या दिवशी गाडीच्या दोन्ही किल्ल्या खिशात घालून निघालास. जाताना पाया पडलास, हे विशेष.

आणि सगळ्यात वाईट काय झालं, सांगू? मला तुझं पटायला लागलं. गॅसचं बटण बंद केलं तरी मी तीनतीनदा जाऊन बघायची. वाण्याकडे सुटे पैसे पुन्हा पुन्हा मोजायची. रक्तदाबाच्या आकड्यावरून डॉक्टरांशी भांडणारी मी, माझ्याच डोळ्यांवरचा माझा विश्वास उडाला. हे तू केलंस. तुझ्या मनात तसं नसेलही, पण केलंस तूच.

गेल्या आठवड्यात मी किल्लीवाल्याला घरी बोलावलं आणि नवी किल्ली करून घेतली. मग गॅरेजवाल्याला बोलावलं, तोच तो, खोकत खोकत सिगारेट ओढणारा. त्याने इंजिनाला कान लावला न लावला तोच निकाल दिला. ‘बाई, जुनी गाडी आहे, बेअरिंगं गेली असणार. इंजिन खोलावं लागेल.’ माझं डोकंच फिरलं. त्याला म्हटलं, ‘पेशंटचं पोट फाडण्याआधी यंत्र तपासा. रीडिंग विचित्र आलं की आम्ही आधी दुसऱ्या मशीनवर घेऊन बघायचो.’ तो कुरकुरला, पण माझा आवाज बहुतेक वॉर्डातला निघाला असावा. त्याने इंजिनावरचा सेन्सर काढला आणि तिथे स्वतःचं साधं नळीचं मीटर बसवलं. त्याला वायर नाही, काही नाही, तेलाचा दाब थेट काट्यावर. इंजिन चांगलं तापू दिलं. गाडी जागेवर चालू ठेवून, मग रेस करून, दोन्ही वेळा पाहिलं. दाब उत्तम. म्हणजे इंजिन ठणठणीत आणि काटा खोटारडा. सेन्सर परत बसवला, तर डॅशबोर्डवरचा काटाही नीट उभा. गॅरेजवाला माझ्याकडे बघून हसला. अगदी तुझ्यासारखा.

मी हट्टाने त्याला अंधार पडेपर्यंत थांबवून घेतलं. तो वैतागून हत्यारं गोळा करायला लागला, समोरचं दिसेना म्हणून मी गाडीचे दिवे लावले, आणि काटा पडला. दिवे बंद केले, वर आला. लावले, पडला. मी आणखी एक गोष्ट पाहिली. त्याच क्षणी पेट्रोलचा काटाही खाली वाकत होता. मी ओरडलेच, ‘अहो, तेल आणि पेट्रोल एकाच वेळी कसं संपेल?’ मग त्याच्याही डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी त्याने डॅशबोर्ड खोलला. मागे सगळ्या मीटरांची अर्थिंगची वायर एका स्क्रूला बसते. तो स्क्रू ढिला होता, गंजलेला होता, आणि त्याच्याखाली आणखी एक वायर कशीबशी कोंबली होती. दिवे लागले की मीटरांमागचेही दिवे लागतात, त्या ढिल्या जागेतून एवढा करंट नीट जात नाही, आणि काटे चुकतात. त्याने ती जागा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केली, वायरी वेगळ्या केल्या, स्क्रू आवळला. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. ती कोंबलेली वायर टेपरेकॉर्डरची होती. वाढदिवसाला तू मला बसवून दिलास तो. स्वतःच्या हाताने, ‘मेकॅनिक कशाला लागतो याला’ असं म्हणत.

आता तू म्हणशील, आई, एवढ्याशा वायरीवरून एवढं मोठं पत्र? सापडलं ना, झालं तर मग. नाही झालं, बाळा. मी रोज संध्याकाळी पुलापलीकडे का जात होते, हे तू या सगळ्यात एकदाही विचारलं नाहीस. मावशी अंथरुणाला खिळल्यापासून तिची बाई दिवेलागणीला घरी जायची. त्यानंतर तिला भरवायचं, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, हे मी करत होते. माझ्या रात्रपाळ्या असायच्या तेव्हा जिने तुला कुशीत घेऊन झोपवलं, तुझे शाळेचे गणवेश शिवले, तुझ्या गोवरात डोळ्याला डोळा लावला नाही, ती ही मावशी. किल्ल्या गेल्यावर मी बसने जायला लागले, दोन बस बदलून, जमेल तसं, दुपारचं. रोज जमेना. तिच्या पाठीला पडून पडून जखम झाली. आयुष्यात माझ्या एकाही पेशंटला मी ती होऊ दिली नव्हती.

नवी किल्ली करून घेण्याआधीच्या त्या मंगळवारी मी तुला फोन केला होता, आठवतं? मावशीची बाई त्या रात्री तिच्याजवळ थांबली होती, तिचा निरोप आला होता की ताईंना श्वास लागलाय, कुणाला तरी हाका मारतायत. टॅक्सीवाले पुलावर खोळंबा आहे म्हणून यायला तयार नव्हते. मी तुला एवढंच विचारलं, किल्ली घरात कुठे ठेवून गेलायस का. तू म्हणालास, ‘आई, तू घाबरलीयेस. गोळी घे, झोप, सकाळी बघू.’ मी मावशीचं नाव घेईपर्यंत तू फोन ठेवला होतास. नंतर लावला तर बंद. शेवटी एक टॅक्सी मिळाली. मी पोचले तेव्हा बाई दारात बसून रडत होती. तुझी मावशी गेली. तिचं सगळं मी केलं, एकटीने, आणि तुला कुणी कळवायचं नाही असं सगळ्यांना सांगितलं. रविवारी तुझा फोन आला, तू बीपीच्या गोळीचं विचारलंस, मी घेतली म्हटलं. तिचं तू विचारशील असं वाटलं होतं, पण तू विचारलं नाहीस. म्हणून हे पत्र. लगेच धावत येऊ नकोस, दार उघडण्याइतकी मी अजून सावरले नाही. आणि ती शेवटी हाका मारत होती त्या मला होत्या की तुला, हे मला कधीच विचारू नकोस. बाईला तिचे शब्द कळत नव्हते, आणि मला कळले असते, पण मी तिथे नव्हते.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
आई